फिटचे औषध आणि अंगावर उठणारे पुरळ: मुलांमधील गंभीर औषध-प्रतिक्रिया

मुलाला फिट येऊ लागली की डॉक्टर फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन किंवा लॅमोट्रिजिन यांपैकी एखादे औषध सुरू करतात आणि बहुतेक मुलांना ते चांगले लागू पडते. थोड्या मुलांच्या बाबतीत मात्र दोन-तीन आठवडे सुरळीत गेल्यानंतर एकाएकी ताप चढतो, घसा दुखू लागतो, डोळे लाल होऊन चुरचुरतात. घरच्यांना वाटते, साथीचा ताप असेल; जवळचे डॉक्टरही त्या दिवशी वेगळे काही म्हणू शकत नाहीत, कारण त्वचेवर अजून काहीच उमटलेले नसते. एक-दोन दिवसांत चेहऱ्यावर आणि छातीवर लालसर-जांभळे डाग दिसू लागतात, ओठांना चिरा पडतात आणि मूल पाण्याचा घोटही घ्यायला नकार देते. या टप्प्यावर फिटचे औषध चालू आहे आणि ते अमुक तारखेला सुरू झाले, एवढी एक माहिती डॉक्टरांसमोर आली तरी पुढच्या उपचाराची दिशा बदलते. ती सांगायची राहून गेली, तर तेच औषध आणखी तीन-चार दिवस पोटात जात राहते. या आजारात टाळता येण्यासारखे नुकसान सर्वांत जास्त होते ते इथेच, म्हणून या लेखाचा भर मुख्यतः याच गोष्टीवर आहे.

औषधामुळे होणाऱ्या अ‍ॅलर्जिक प्रतिक्रियांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार झटपट येणारा असतो. इंजेक्शन दिल्यावर किंवा गोळी घेतल्यावर काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात, श्वास लागतो, उलट्या होतात किंवा रक्तदाब कोसळून मूल गळून जाते. शरीराने त्या औषधाविरुद्ध आधीच तयार केलेली आयजीई नावाची प्रतिद्रव्ये याला कारणीभूत असतात. याच्या तीव्र रूपाला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात आणि त्यावरचा पहिला उपचार म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन. अ‍ॅलर्जीची गोळी किंवा स्टिरॉइडचे इंजेक्शन त्याची जागा घेऊ शकत नाही. हा प्रकार भयानक असला तरी त्यात कारण शोधावे लागत नाही, कारण औषध आणि त्रास यांच्यामध्ये वेळच गेलेला नसतो.

दुसरा प्रकार उशिरा येणारा आहे, आणि फसगत होते ती याच प्रकारात. यात प्रतिद्रव्यांऐवजी टी-पेशी, म्हणजे विषाणूंनी ग्रासलेल्या पेशी ओळखून त्यांना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, कामाला लागतात. त्यांना औषधाची ओळख पटायला, त्यांची संख्या वाढायला आणि त्या त्वचेपर्यंत पोहोचायला दिवस किंवा आठवडे लागतात. तोपर्यंत औषध घरातल्या दिनक्रमाचा भाग होऊन गेलेले असते आणि त्याच्याकडे संशयाने पाहण्याचे कुणाच्या मनातही येत नाही.

साधे पुरळ आणि गंभीर पुरळ

उशिरा येणाऱ्या प्रतिक्रियांपैकी बहुसंख्य प्रतिक्रिया सौम्य असतात, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. औषध सुरू झाल्यापासून साधारण चार ते चौदा दिवसांत गोवरासारखे बारीक लाल पुरळ येते, खाज सुटते, मूल एरवी खेळत-खात असते, आणि आठवडाभरात पुरळ ओसरते. शिवाय लहान मुलांच्या अंगावर येणारे पुष्कळसे पुरळ औषधामुळे येतच नाही. ते विषाणूजन्य तापाचे असते आणि त्याच वेळी अँटिबायोटिक चालू असल्याने आळ औषधावर येतो. तेव्हा प्रत्येक पुरळ पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. ज्या खुणा दिसल्या असता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, त्या मात्र नेमक्या ठाऊक असल्या पाहिजेत.

त्यातली सर्वांत महत्त्वाची खूण त्वचेवर नसून डोळे, तोंड आणि लघवीची जागा यांच्या नाजूक अस्तरावर असते. डोळे लाल होणे, उजेड सहन न होणे, सकाळी पापण्या चिकटलेल्या असणे, ओठांवर रक्ताळलेल्या खपल्या धरणे, तोंडात सोलवटणे, लघवी करताना मूल रडणे, यांपैकी दोन ठिकाणचा त्रास पुरळासोबत असेल तर ते साधे पुरळ समजू नये. दुसरी खूण म्हणजे दुखणे. साधे पुरळ खाजते, गंभीर पुरळ दुखते. मूल अंगाला हात लावू देत नाही, कपडे घालताना कळवळते. तिसरी खूण डागांच्या रंगाची आहे. मधोमध काळपट किंवा जांभळट पडलेले डाग, त्यावर धरलेले फोड, आणि बोटाने हलकेच बाजूला सरकवल्यास वरची त्वचा सुटून येणे, या गोष्टी त्वचेचा वरचा थर आतून मरत असल्याचे सांगतात. (हा बोटाने दाबून पाहण्याचा प्रयोग घरी करू नये, त्याने जखम होते, आणि तो डॉक्टरांनीच करायचा असतो.) सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत रंगापेक्षा दुखणे आणि तोंड-डोळ्यांचा त्रास यांवर अधिक विसंबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. याखेरीज सुजलेला चेहरा, मानेत आणि काखेत हाताला लागणाऱ्या गाठी, सतत राहणारा तीव्र ताप आणि डोळ्यांत दिसणारी कावीळ या वेगळ्या पण तितक्याच गंभीर आजाराच्या खुणा आहेत.

या आजारांची नावे

न्यूयॉर्कमधील अल्बर्ट स्टीव्हन्स आणि फ्रँक जॉन्सन या दोन डॉक्टरांनी १९२२ साली सात आणि आठ वर्षांच्या दोन मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. दोघांनाही ताप, अंगभर पुरळ, तोंडात तीव्र दाह आणि डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. तेव्हापासून हा आजार स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम या नावाने ओळखला जातो, आणि त्याची पहिली नोंदच मुलांमधली आहे. पुढे १९५६ मध्ये अ‍ॅलन लायेल या स्कॉटिश त्वचारोगतज्ज्ञांनी भाजल्याप्रमाणे संपूर्ण अंगाची त्वचा सुटून येणाऱ्या आजाराचे वर्णन केले. त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, थोडक्यात टेन, म्हणतात. हे दोन्ही एकाच आजाराचे कमी-अधिक तीव्र रूप आहे हे आता मान्य झाले असून, किती त्वचा सुटली यावरून नाव ठरते. एकूण त्वचेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी भाग सुटला असेल तर स्टीव्हन्स-जॉन्सन, ३० टक्क्यांहून जास्त असेल तर टेन, आणि मधल्या अवस्थेला दोन्हींचे मिश्रण मानतात. मुलाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, साधारण एक टक्का धरून हा हिशेब मांडला जातो. संशयित औषध सुरू झाल्यापासून सामान्यतः चार ते अठ्ठावीस दिवसांत हा आजार उद्भवतो.

हा आजार दुर्मिळ आहे. अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवरून काढलेल्या अंदाजानुसार तिथे दरवर्षी दहा लाख मुलांमागे सुमारे पाच मुलांना स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो आणि टेन त्याहून कितीतरी कमी मुलांना होतो. मुलांमधील मृत्यूचे प्रमाणही प्रौढांपेक्षा कमी आहे. त्याच नोंदींमध्ये टेन झालेल्या मुलांपैकी सुमारे १६ टक्के दगावली होती, तर प्रौढांमध्ये हे प्रमाण चौथाई ते एक तृतीयांशाच्या घरात जाते. मूल वाचण्याची शक्यता पुष्कळ असते, पण वाचल्यानंतर उरणाऱ्या व्यंगांसह त्याला साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य काढायचे असते. म्हणून मुलांच्या बाबतीत केवळ जीव वाचला यावर समाधान मानता येत नाही.

दुसऱ्या आजाराला ड्रेस (DRESS, इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेले नाव) म्हणतात. हे नाव १९९६ मध्ये रूढ झाले. यात औषध सुरू झाल्यापासून दोन ते आठ आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज आणि लसिकाग्रंथींच्या गाठी येतात, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढतात आणि यकृत, मूत्रपिंडे, फुप्फुसे किंवा हृदय यांपैकी एखाद्या अवयवाला सूज येते. सर्वाधिक फटका यकृताला बसतो. शरीरात सुप्त असलेला एचएचव्ही-६ हा नागिणीच्या कुळातील विषाणू या काळात पुन्हा जागा होतो, आणि त्यामुळेच बहुधा औषध बंद केल्यावरही हा आजार आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, मध्येच उलटतो. फेनिटोइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन घेणाऱ्या एक हजार ते दहा हजार रुग्णांमागे एखाद्याला तो होतो असे मानले जाते. दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेले औषध आजच्या तापाला कारण असू शकते, हे कुटुंबालाच काय, घाईत असलेल्या डॉक्टरांनाही पटकन सुचत नाही.

तिसरा प्रकार एजेप (AGEP, हेही आद्याक्षरांचेच नाव) नावाचा आहे. त्यात औषधानंतर एक ते चार दिवसांत काखेत, मांड्यांच्या सांध्यात आणि मग अंगभर लाल त्वचेवर पिनाच्या टोकाएवढ्या पुवाळलेल्या पुळ्या येतात. दिसायला तो भयंकर दिसतो, पण औषध थांबवल्यावर बहुधा पंधरवड्यात बरा होतो.

असे का होते

औषधे लाखो मुलांना चालतात आणि एखाद्यालाच का बाधतात, याचे उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत बऱ्याच अंशी हाती आले आहे. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाचे रेणू असतात. पेशीच्या आत चाललेल्या घडामोडींचे छोटे नमुने ते, दुकानदार काचेच्या कपाटात माल मांडतो तसे, बाहेर मांडून ठेवतात, आणि टी-पेशी येता-जाता ते तपासतात. नमुना ओळखीचा असेल तर त्या पुढे जातात. विषाणूचा असेल तर ती पेशी नष्ट करतात. एचएलएच्या असंख्य जाती असून त्या आईवडिलांकडून येतात. काही जातींच्या खाचेत विशिष्ट औषधाचा रेणू असा काही बसतो की निरोगी पेशीवरचा नमुनाही टी-पेशींना परका वाटू लागतो. मग त्या ग्रॅन्युलायसिन नावाचे प्रथिन सोडून त्वचेच्या पेशी मारू लागतात, आणि एकट्या-दुकट्या पेशीपुरते राहायला हवे ते काम हातभर त्वचेवर पसरते.

तैवानमधील संशोधकांनी २००४ साली याचा ठसठशीत पुरावा दिला. कार्बामाझेपिनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम झालेल्या हान चिनी वंशाच्या ४४ रुग्णांची त्यांनी तपासणी केली, तेव्हा सर्वच्या सर्व ४४ जणांमध्ये एचएलए-बी*१५:०२ ही जात सापडली. त्यानंतर २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या रुग्णांना हे औषध देण्यापूर्वी ही तपासणी करावी, अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घातली. तैवानमध्येच पुढे सुमारे ४,८७७ जणांची औषधापूर्वी तपासणी करून, ज्यांच्यात ही जात आढळली त्यांना दुसरे औषध देण्यात आले; एरवीच्या प्रमाणानुसार दहाएक जणांना हा आजार व्हायला हवा होता, पण एकालाही झाला नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास वाचताना मनाला फार दिलासा मिळतो, कारण रक्ताच्या एका तपासणीने एवढा मोठा आजार पूर्णपणे टळल्याची उदाहरणे वैद्यकात थोडीच आहेत.

भारतीयांच्या बाबतीत चित्र इतके सरळ नाही. ही जात भारतीयांमध्ये सरासरी दोन ते चार टक्के लोकांत आढळते, काही समूहांमध्ये अधिक. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान भारतीय अभ्यासात कार्बामाझेपिनने आजारी पडलेल्या आठपैकी सहा रुग्णांमध्ये ती सापडली. म्हणजे संबंध पक्का असला तरी उरलेल्या दोघांना ती नसतानाही आजार झाला. उलट, ज्यांच्यात ही जात आहे अशांपैकी बहुसंख्य लोकांना कार्बामाझेपिन घेऊनही काही होत नाही. त्यामुळे तपासणी नकारात्मक आली म्हणून पहिल्या दोन महिन्यांतील सावधगिरी सोडता येत नाही. तरीही कार्बामाझेपिन सुरू करायचे ठरले असेल आणि ते आजच सुरू करण्याइतकी निकड नसेल, तर ही तपासणी करता येईल का हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. ती आयुष्यात एकदाच करावी लागते, कारण निकाल बदलत नाही.

फेनिटोइनच्या बाबतीत आणखी एक घटक असतो. यकृतातील ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) या औषधाचा निचरा होतो, ते विकर काहींमध्ये जन्मतःच मंद असते. औषध रक्तात साचत जाते आणि प्रतिक्रियेचा धोका वाढतो. लॅमोट्रिजिनमध्ये हेच साचणे दुसऱ्या औषधामुळे घडते. मूल आधीपासून व्हॅल्प्रोएट हे फिटचे दुसरे औषध घेत असेल, तर लॅमोट्रिजिनचा निचरा जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून अशा मुलाला लॅमोट्रिजिन अगदी अल्प मात्रेपासून सुरू करून आठवड्यांच्या अंतराने वाढवत नेतात. औषधाच्या माहितीपत्रकातच दिलेल्या आकड्यांनुसार लॅमोट्रिजिनमुळे गंभीर पुरळ येण्याचे प्रमाण मुलांमध्ये ०.३ ते ०.८ टक्के आहे आणि प्रौढांमध्ये त्याहून कमी. ‘फिट थांबत नाही, म्हणून मीच डोस लवकर वाढवला’ असे एखाद्या पालकाने केले, तर त्याने नकळत नेमकी तीच पायरी ओलांडलेली असते जी या धोक्यासाठी घालून दिलेली आहे. तसेच मध्यंतरी काही दिवस औषध बंद पडले असेल, तर पुन्हा पूर्ण मात्रेने सुरू न करता आधी डॉक्टरांना विचारावे.

मुलांमध्ये आणखी एक गुंता असतो. तोंड, डोळे आणि त्वचा यांना होणारा असाच दाह मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए या जिवाणूच्या संसर्गामुळेही होतो, आणि तो मुख्यतः मुले व किशोरवयीनांमध्येच दिसतो. त्यात तोंड व डोळ्यांचा त्रास फार असतो, त्वचेवर मात्र थोडेच डाग असतात, सोबत खोकला असतो आणि शेवट बहुधा चांगला होतो. कारण औषध की जंतू हे ठरवणे महत्त्वाचे आहे, कारण चुकून औषधावर शिक्का बसला तर मुलाला एक उपयोगी औषध जन्मभर नाकारले जाईल, आणि चुकून जंतूवर बसला तर घातक औषध पुन्हा दिले जाईल.

घरी काय करावे

फिटचे औषध मनाने बंद करू नये, असे प्रत्येक डॉक्टर बजावतात आणि ते योग्यच आहे. एकाएकी बंद केल्यास न थांबणारी फिट येऊ शकते. पण वर सांगितलेल्या गंभीर खुणा दिसल्या असतील तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, आणि ते भेटत नसतील तर डोस न देता त्याच दिवशी, रात्र असली तरी, मूल रुग्णालयात न्यावे, जिथे औषध थांबवून लगेच दुसरे सुरू करता येईल. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ११३ रुग्णांच्या एका अभ्यासात, लवकर शरीराबाहेर पडणारे औषध जितके दिवस आधी थांबवले तितका मृत्यूचा धोका दरदिवशी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले होते. फेनोबार्बिटोनसारखी औषधे थांबवल्यावरही दिवसेंदिवस रक्तात राहतात; त्यांच्याबाबत हा फायदा तितका दिसत नाही, म्हणून तिथे रुग्णालयात लवकर पोहोचणे अधिकच गरजेचे ठरते.

जाताना मागच्या दोन महिन्यांतील प्रत्येक औषधाची बाटली, पाकीट आणि केसपेपर सोबत न्यावेत. यात एक बारकावा आहे. आजाराच्या पहिल्या दोन दिवसांत ताप आणि घसादुखीसाठी दिलेले पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा अँटिबायोटिक हे पुरळाच्या अगदी आधी दिलेले असल्याने सगळ्यांच्या लक्षात राहते आणि दोष त्याच्यावर येतो, जेव्हा प्रत्यक्षात तो ताप हीच त्या जुन्या औषधाच्या प्रतिक्रियेची सुरुवात असते. म्हणून डॉक्टरांना औषधांची नावे सांगताना प्रत्येकासमोर सुरू केल्याची तारीख सांगावी, आणि ताप नेमका कधी आला हेही सांगावे. तापाच्या आधी काय चालू होते आणि तापानंतर काय दिले, एवढी विभागणी झाली तरी संशयाची यादी निम्मी होते. आपल्याकडे एकच औषध अनेक ब्रँडनावांनी मिळते. एप्टोइन म्हणजे फेनिटोइन, टेग्रेटॉल आणि मॅझेटॉल म्हणजे कार्बामाझेपिन, गार्डेनल म्हणजे फेनोबार्बिटोन, हे अनेक घरांत ठाऊक नसते, त्यामुळे पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचून दाखवणे हिताचे. मेडिकलमधून स्वतःहून आणलेले, शेजाऱ्यांनी दिलेले किंवा वैद्यांकडून घेतलेले औषधही लपवू नये. पुरळ म्हणजे ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय’ किंवा ‘बाई आल्यात’ असे समजून थांबून राहणे, अंगाला हळद-कडुलिंब लावणे, फोड फोडणे, हे सारे टाळावे. सुटलेल्या त्वचेतून जंतू आत शिरणे हेच पुढच्या मृत्यूंचे मोठे कारण असते.

रुग्णालयात काय होते

संशयित औषध थांबवणे हा पहिला उपचार. त्यानंतरचे बरेचसे काम शुश्रूषेचे असते: ऊबदार खोली, शिरेतून मोजून दिलेले पाणी व क्षार, नाकातील नळीने अन्न, वेदनाशामक, त्वचेला न चिकटणाऱ्या पट्ट्या आणि जंतुसंसर्गावर नजर. मोठ्या भागाची त्वचा सुटली असेल तर जळित विभाग किंवा अतिदक्षता विभाग लागतो. सायक्लोस्पोरिन, स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, एटानरसेप्ट यांपैकी कोणते औषध द्यावे यावर तज्ज्ञांत एकमत नाही. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २०१६ मध्ये तयार केलेल्या मार्गदर्शिकेत सायक्लोस्पोरिनला झुकते माप दिले आहे. ड्रेसमध्ये मात्र स्टिरॉइड हाच प्रमुख आधार असतो आणि ते आठवड्यांमागून आठवडे हळूहळू कमी करावे लागते. बरे वाटते म्हणून ते घाईने बंद केल्यास आजार उलटतो.

डोळ्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण वाचलेल्या मुलांचे आयुष्य सर्वाधिक कशाने बदलत असेल तर ते डोळ्यांनी. आजाराच्या पहिल्या आठवड्यात पापणीच्या आतले आणि बुबुळाभोवतीचे अस्तर सोलवटते. दोन सोललेले पृष्ठभाग एकमेकांना टेकून राहिले तर ते जोडले जातात, म्हणून नेत्रतज्ज्ञ रोज येऊन पापणीच्या आतून काचेची गुळगुळीत कांडी फिरवतात, थेंब आणि मलम घालतात, आणि इजा मोठी असेल तर गर्भवेष्टनाचा (गर्भाभोवतीच्या पिशवीचा) पातळ पडदा डोळ्यावर बसवतात. हा पडदा बसवण्याचा लाभ पहिल्या काही दिवसांतच मिळतो. ही वेळ हुकली तर पापणीची कड पुढे खरखरीत, त्वचेसारखी होते आणि दर उघडझापीला बुबुळाला घासत राहते. वर्षा-दोन वर्षांत बुबुळ पांढरे पडते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील तज्ज्ञांनी अशा मुलांच्या पापण्यांच्या कडेवर ओठाच्या आतल्या अस्तराचे रोपण करून आणि विशेष मोठ्या लेन्स बसवून दृष्टी वाचवता येते हे दाखवून दिले आहे. ज्या मुलाला स्टीव्हन्स-जॉन्सन होऊन गेला आहे आणि आता डोळे कोरडे पडतात, टोचतात, उजेड नकोसा होतो, त्याला ‘होईल हळूहळू बरे’ म्हणून घरी ठेवू नये.

ड्रेसचे परिणामही उशिरा उगवतात. बरे झाल्यावर काही महिन्यांनी थायरॉइडचा विकार, क्वचित टाइप १ मधुमेह सुरू झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून वर्षभर थायरॉइडची आणि साखरेची तपासणी करत राहावी.

पुढच्या आयुष्यासाठी

ज्या औषधाने असा आजार झाला ते पुन्हा कधीही, अगदी ‘थोडेसे देऊन पाहू’ म्हणूनही, देऊ नये. फेनिटोइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन यांची रासायनिक घडण सारखी असल्याने एकाने बाधा झालेल्या मुलाला दुसऱ्यानेही बाधा होण्याची शक्यता बरीच मोठी असते. ऑक्सकार्बाझेपिन आणि लॅमोट्रिजिनही टाळले जाते. अशा वेळी डॉक्टर बहुधा लेव्हेटिरासेटाम या वेगळ्या घडणीच्या फिटच्या औषधाकडे वळतात. औषधाचे मूळ नाव, झालेल्या आजाराचे नाव, वर्ष आणि टाळायच्या औषधांची यादी असलेले कार्ड डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, त्याचा फोटो आई-वडील दोघांच्याही फोनमध्ये ठेवावा, आणि शाळेत व वसतिगृहातही द्यावा. मूल मोठे होऊन शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेल्यावर त्याला हे कुणीतरी नीट समजावून सांगितलेले असले पाहिजे. सहाव्या वर्षी झालेल्या आजाराचे नाव अठराव्या वर्षी त्याला स्वतःहून आठवणार नाही.

याची दुसरी बाजूही तितक्याच कळकळीने सांगावीशी वाटते. अ‍ॅमॉक्सिसिलिन घेताना साधे पुरळ आले म्हणून ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ असा शेरा पुष्कळ मुलांच्या कागदांवर पडतो. कॅनडातील माँट्रियाल येथे अशाच ८१८ मुलांना देखरेखीखाली ते औषध पुन्हा दिले गेले, तेव्हा ९४ टक्के मुलांना काहीही झाले नाही. चुकीच्या शेऱ्यामुळे मुलाला अधिक तीव्र, अधिक महाग अँटिबायोटिके घ्यावी लागतात. त्यामुळे सौम्य पुरळाचा जुना शेरा तपासून घ्यावा; मात्र फोड, तोंड-डोळ्यांचा दाह किंवा अवयवाची सूज झालेली असेल तर अशी चाचणी करायची नसते.

फिटच्या औषधांपलीकडे सल्फा गटातील को-ट्रायमॉक्साझोल, म्हणजे सेप्ट्रानसारखी औषधे, आणि काही वेदनाशामके यांच्याकडेही लक्ष असावे. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस मेफेनॅमिक अ‍ॅसिडमुळे ड्रेस होऊ शकतो असा इशारा दिला. मेफ्टाल या नावाने ओळखले जाणारे हे औषध आपल्याकडे मुलांच्या तापासाठी आणि मुलींच्या पाळीतील दुखण्यासाठी सर्रास, अनेकदा चिठ्ठीशिवाय, घेतले जाते. इशाऱ्याचा अर्थ ते घेणाऱ्या प्रत्येकाला धोका आहे असा नाही, पण ते घेतल्यावर काही आठवड्यांत ताप, पुरळ आणि चेहऱ्यावर सूज आली तर डॉक्टरांना या गोळीचेही नाव सांगितले पाहिजे. असे इशारे निघतात ते देशभरातून येणाऱ्या नोंदींवरून, आणि या नोंदी करण्याचा हक्क केवळ डॉक्टरांना नाही. आयोगाच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक रुग्णांसाठीही आहे.

आजारी मुलाच्या भावंडांचे काय, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. एचएलएच्या जाती घराण्यातून येत असल्याने सख्ख्या भावंडांत तीच जात असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. म्हणून भावाला किंवा बहिणीला उद्या फिटचे औषध द्यायची वेळ आली, तर आधीच्या मुलाचे कार्ड डॉक्टरांसमोर ठेवावे. त्या गटातील औषध ते बहुधा टाळतील, किंवा देण्यापूर्वी तपासणी करून घेतील.